फुलात दडणाऱ्या कोळ्यांचे फोटो : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी आणि खाली हल्याळ-जोयड्यापर्यंतच्या पट्ट्यात अंगणातल्या नाहीतर बांधावरच्या फुलांत कोळी शोधणाऱ्यांसाठी हे पान आहे. कॅमेऱ्याचे आकडे एपीएस-सी सेन्सर, म्हणजे बहुतेक हौशी कॅमेऱ्यांत असतो तो, धरून दिले आहेत. मोबाइलवाल्यांसाठी वेगळा प्रश्न आहे, पण त्यांनी बाकीचंही वाचावं. कोळी सापडला नाही तर कॅमेरा कुठलाही असून उपयोग नाही.

फुलात नेमके कोणते कोळी बसतात?

मुख्य मान खेकडा कोळ्याचा. हा जाळं विणत नाही. पुढच्या पायांच्या दोन जोड्या लांब आणि जाड असतात, त्या फाकवून तो पाकळीवर दबा धरतो आणि खेकड्यासारखा तिरका चालतो. आपल्याकडे फुलांवर सर्वाधिक दिसतो तो थॉमिसस या प्रजातीतला. मादी साधारण ५ ते १० मिलिमीटर, पांढरी, पिवळी किंवा फिकट गुलाबी, पोट मागे रुंद होत गेलेलं आणि कोपरे निघालेलं. नर जेमतेम २ ते ३ मिलिमीटर, तपकिरी, काटकुळा. तो पुष्कळदा मादीच्या पाठीवरच बसलेला असतो आणि नवख्याला ते तिचं पिल्लू वाटतं. लालसर छातीचा, काळ्या-पांढऱ्या पोटाचा कॅमॅरिकस आणि पानावर लांबट हिरव्या काडीसारखा पडून राहणारा ऑक्सिटेट हेही याच कुळातले.

दुसरे लिंक्स कोळी. यांच्या पायांवर उभे काटे असतात. हिरवागार प्युसेशिया याच गटातला, तो झुडपाच्या शेंड्याला सापडतो. तिसरे उड्या मारणारे कोळी. समोरचे दोन मोठे डोळे हीच त्यांची खूण. ते फुलात कमी आणि फुलाखालच्या पानावर जास्त असतात.

कोणती फुलं तपासायची?

घराजवळ तगर, शेवंती, सदाफुली, मोगरा, झेंडू, कॉसमॉस, झिनिया. कंपाउंडच्या कडेला आणि पडीक जागेत घाणेरी, कुर्डू. शेताकडे सूर्यफूल, कारळे, फुलोऱ्यावर आलेली तूर, आणि बियाण्यासाठी राखलेल्या कोथिंबिरीचे व कांद्याचे तुरे. हे बियाण्याचे वाफे फार कमी लोक बघतात. बारीक फुलांच्या छत्रीवर माश्या आणि मधमाश्या दिवसभर येतात, आणि जिथे गिऱ्हाईक तिथे हा दुकान मांडतो.

जास्वंदीच्या फुलात वेळ घालवू नका. फूल एका दिवसात मिटतं, खेकडा कोळ्याला काही दिवस टिकणारी बैठक लागते. जास्वंदीची पानं मात्र उड्या मारणाऱ्या कोळ्यांसाठी उत्तम. गुलाबावर कोळी असतात, पण बागेतल्या गुलाबाला औषध मारलेलं असण्याची शक्यता सगळ्यात जास्त.

तासभर शोधलं, एकही दिसला नाही. काय चुकतंय?

बहुतेक जण कोळी शोधतात. आधी त्याची शिकार शोधा. फुलावरची मधमाशी हलत नसेल, पंख वेडेवाकडे पसरलेले असतील किंवा ती पाकळीखाली उलटी लोंबत असेल, तर ती धरली गेलेली आहे आणि तिच्या मानेपाशी कोळी आहे. खेकडा कोळी भक्ष्याला जाळ्यात गुंडाळत नाही. बारीक छिद्रातून आतला रस शोषतो आणि अख्खं टरफल खाली टाकतो. त्यामुळे फुलाखालच्या पानावर माशीची कोरडी, पण शाबूत दिसणारी टरफलं पडलेली असली तर वरचं फूल पाकळी-पाकळी करून तपासा.

दुसरी खूण म्हणजे एखादी पाकळी किंवा पान रेशमाने दुमडून चिकटवलेलं असणं. आत अंडी आणि त्यांची राखण करणारी मादी असू शकते. ते उघडू नका.

फूल वरून बघू नका. गुडघ्यावर बसा आणि पाकळ्यांची कड डोळ्यांच्या रेषेत आणा. वरून पांढऱ्यात पांढरा मिसळतो, कडेने त्याच्या पोटाचा उंचवटा लगेच कळतो. एकदा सापडला की झाडाला सुतळीचा तुकडा बांधून ठेवा. जागा चांगली असेल तर तो त्याच फुलावर किंवा शेजारच्या फुलावर पुढचे काही दिवस मिळतो. दहा बागा फिरण्यापेक्षा एका झाडापाशी रोज जाणाऱ्याला चांगले फोटो मिळतात.

वर्षातून कोणत्या महिन्यांत? दिवसात किती वाजता?

पाऊस ओसरल्यापासून थंडी संपेपर्यंत, म्हणजे सप्टेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत हंगाम भरात असतो. त्यातही झेंडूसाठी दसरा-दिवाळीनंतरचे आठवडे बघा. सणाची तोडणी झाली की राहिलेल्या झेंडूवर कुणी फवारणीचा खर्च करत नाही. फुलं उभीच राहतात, किडे वाढतात आणि त्यांच्यामागून कोळी येतात. शेवंतीचंही तसंच.

जून ते ऑगस्ट खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे पावसाची झड इतकी असते की फुलावर काम जवळजवळ अशक्य. त्या दिवसांत पूर्वेकडचा चिकोडी, अथणीचा भाग उघडीप देतो. मार्च ते मे दरम्यान पाणी घातलेल्या बागेतच काही सापडेल, घाणेरी मात्र जवळपास बारमाही असते.

वेळ सकाळची, उजाडल्यापासून साधारण नऊपर्यंत. वारा कमी असतो, आणि नोव्हेंबर-डिसेंबरच्या गारठ्यात कोळी सुस्त असतो. कोळ्याच्या अंगाचं तापमान बाहेरच्या हवेवर चालतं, त्यामुळे ऊन चढलं की तो चपळ होतो. शिकार करताना टिपायचा असेल तर उलट दहा-साडेदहापर्यंत थांबावं लागेल, कारण मधमाश्या ऊन तापल्याशिवाय नीट बाहेर पडत नाहीत.

मोबाइलवर जमेल का?

मोठी मादी असेल तर जमेल. नर आणि पिल्लं नाही. स्वस्त फोनवर ‘मॅक्रो’ म्हणून जी २ मेगापिक्सेलची वेगळी लेन्स असते ती विसरा. मुख्य कॅमेऱ्यावर चिमट्याने लावायचं भिंग त्यापेक्षा कितीतरी बरं. १०एक्स लिहिलेलं भिंग लावलं तर फोन फुलापासून दोन-तीन सेंटीमीटरवर न्यावा लागतो, फोनची सावली पडते आणि कोळी पळतो. कमी ताकदीचं, थोडं लांबून चालणारं भिंग घ्या आणि नंतर फोटो कापा. भिंग मुख्य कॅमेऱ्यासमोर नेमकं मध्यावर बसलं नाही तर एक कड कायम धूसर येते. तीन-चार लेन्सच्या फोनवर फोन स्वतःहून दुसऱ्या लेन्सवर उडी मारतो, ते सेटिंगमध्ये बंद करा.

स्क्रीनवर बोट धरून फोकस आणि उजेड लॉक करा, उजेडाची पट्टी किंचित खाली ओढा, आणि फोनच मागे-पुढे करत ओळीने पंधरा-वीस फोटो घ्या. फोनचा फ्लॅश वापरू नका. पांढऱ्या कार्डशीटचा तुकडा सावलीच्या बाजूला धरला की पुरे.

कॅमेऱ्याला कोणती लेन्स घ्यावी?

आधी आकडेमोड. एपीएस-सी सेन्सरची रुंदी २२ ते २४ मिलिमीटर. १:१ मोठेपणावर, म्हणजे सेन्सरवर खऱ्या आकाराएवढीच प्रतिमा पडते तेव्हा, ८ मिलिमीटरची मादी चौकटीचा तिसरा हिस्सा व्यापते, अडीच मिलिमीटरचा नर दहावा. म्हणजे मादीसाठी १:१ पुरतं, नरासाठी किंवा फक्त चेहऱ्यासाठी दुप्पट ते तिप्पट लागतं.

सगळ्यात कमी कटकटीचा मार्ग म्हणजे १०० मिलिमीटरच्या आसपासची मॅक्रो लेन्स. १:१ वर लेन्सच्या तोंडापासून फुलापर्यंत साधारण १३-१५ सेंटीमीटर अंतर राहतं. ६० मिलिमीटरची असेल तर ते नऊ-दहावर येतं आणि कोळी जास्त वेळा बिचकतो.

घरात ५५-२५० सारखी झूम पडून असेल तर तिच्यासमोर ८ डायॉप्टरचं (डायॉप्टर म्हणजे भिंगाची ताकद) चांगलं क्लोज-अप भिंग लावा. रेनॉक्स डीसीआर-२५० हे त्यातलं नावाजलेलं. मोठेपणाचं गणित सोपं आहे : लेन्स अनंतावर (सगळ्यात लांबच्या फोकसवर) ठेवून तिच्या फोकल लांबीला भिंगाच्या फोकल लांबीने, म्हणजे १२५ ने, भागा. २५० वर दुप्पट, १२५ वर १:१. फुलापासूनचं अंतर कायम बारा सेंटीमीटरच्या आसपास राहतं. झूम लहान केली की कोपरे काळे पडतात, ते भिंगाचं तोंड लहान असल्यामुळे. भिंगात दोष नसतो. पैसे मोजून घ्यायचं झालं तर आधी हे भिंग आणि एक साधा मॅन्युअल फ्लॅश घ्या, मॅक्रो लेन्सचं नंतर बघा.

तिसरा मार्ग एक्स्टेंशन ट्यूब, म्हणजे कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसवायच्या पोकळ नळ्या. नळ्यांची लांबी भागिले लेन्सची फोकल लांबी इतका मोठेपणा वाढतो. ५० च्या लेन्सला १२, २० आणि ३६ अशा तिन्ही नळ्या लावल्या तर दीडपटीच्या जवळ जाता येतं. पण मग लेन्स आणि फूल यांत जेमतेम पाच-सहा सेंटीमीटर उरतात. आतून तारांची जोडणी नसलेल्या स्वस्त नळ्यांवर लेन्सच्या आतलं उजेड घेणारं भोक, म्हणजे अ‍ॅपर्चर बदलता येत नाही, हे दुकानातच तपासा.

अ‍ॅपर्चर किती ठेवायचं? एफ २२ ठेवलं तर सगळं स्पष्ट यायला हवं ना?

एफचा आकडा वाढला की भोक लहान होतं आणि स्पष्ट भाग वाढतो, त्यामुळे यायला हवं, पण येत नाही. मॅक्रो लेन्स १:१ ला नेली की प्रत्यक्ष काम करणारं अ‍ॅपर्चर आकड्याच्या जवळपास दुप्पट होतं. एफ ११ हे एफ २२ सारखं वागतं. एफ २२ ठेवलंत तर ते एफ ४४ च्या घरात जातं आणि प्रकाश वळल्यामुळे आख्खा फोटोच मऊ पडतो. निकॉनच्या कॅमेऱ्यावर जवळ जाताना आकडा आपोआप वाढलेला दिसतो तो याचमुळे, लेन्स बिघडलेली नसते. म्हणून मॅक्रो लेन्सवर १:१ ला एफ ८ ते एफ ११. एफ ११ ला स्पष्टतेची खोली, म्हणजे पुढे-मागे जेवढा भाग स्पष्ट येतो ती, सुमारे ०.९ मिलिमीटर मिळते, दुप्पट मोठेपणावर ती एक तृतीयांश मिलिमीटर उरते.

झूमसमोर क्लोज-अप भिंग लावणाऱ्यांची गोष्ट वेगळी आहे, आणि इथे बहुतेक जण फसतात. लेन्स अनंतावर असल्यामुळे तिथे एफ ११ म्हणजे खरोखर एफ ११. दुप्पट मोठेपणावर त्याची खोली फक्त ०.१ मिलिमीटरच्या आसपास येते, कोळ्याचा एक डोळा स्पष्ट आणि दुसरा गायब. या जोडणीवर एफ १६ ते एफ २२ बिनधास्त वापरा.

फ्लॅश हवाच का? नैसर्गिक उजेड चांगला नाही?

सकाळचा उजेड सुंदर असतो. पण एफ ११ ला आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ४०० वर सावलीत शटर १/१५ सेकंद किंवा त्याहून खाली येतं, आणि दांड्यावरचं फूल तेवढा वेळ स्थिर राहत नाही. फ्लॅश कमी शक्तीवर, म्हणजे पूर्ण शक्तीच्या १/८ किंवा त्याखाली ठेवला तर झोत सेकंदाच्या काही हजाराव्या भागापुरताच असतो. फुलाची हालचाल आणि हाताचा कंप दोन्ही त्यात गोठतात.

सुरुवात इथून करा : मॅन्युअल मोड, शटर १/२००, एफ ११, आयएसओ २००, फ्लॅश मॅन्युअल १/८. फोटो काळा आला तर आधी फ्लॅश १/४ करा, मग आयएसओ ४००. शटर १/२५० च्या वर नेलं तर बऱ्याच कॅमेऱ्यांत चौकटीच्या एका बाजूला काळा पट्टा येतो.

उघडा फ्लॅश मात्र कोळ्यावर कधीही मारू नका. पोटावर पांढरा ठिपका, डोळ्यांत टाचणीसारखी चमक आणि पाकळीवर कडक सावली येते. डिफ्युझर, म्हणजे उजेड पसरवणारा पडदा, लागतोच. चांगला आणि वाईट फोटो यांतला फरक लेन्सपेक्षा डिफ्युझर जास्त ठरवतो, असं आमचं ठाम मत आहे.

घरच्या घरी डिफ्युझर कसा बनवायचा?

सामान : एक जाड पांढरं कार्डशीट, स्वयंपाकघरातली अ‍ॅल्युमिनियम फॉइल, मिक्सर किंवा टीव्हीच्या खोक्यात वस्तूभोवती गुंडाळलेला पातळ पांढरा फोम, ट्रेसिंग पेपर, रबरबँड आणि चिकटपट्टी.

कार्डशीटचा बोगदा करा, मागचं तोंड फ्लॅशच्या डोक्यावर घट्ट बसेल एवढं आणि पुढचं साधारण २० सेंटीमीटर रुंद, १५ सेंटीमीटर उंच. आतून फॉइल चिकटवा, चमकदार बाजू वर. बोगद्याची लांबी अशी ठेवा की पुढची कड लेन्सच्या तोंडाच्या जरा पुढे येऊन खाली झुकेल. खालच्या बाजूला लेन्ससाठी अर्धगोल खाच कापा. फ्लॅशच्या डोक्यापासून पाच सेंटीमीटरवर ट्रेसिंग पेपरचा पहिला पडदा लावा आणि तोंडाशी फोमचा दुसरा, तोही ताणून सपाट न करता बाहेर फुगलेला. दोन पडद्यांमधली मोकळी जागा महत्त्वाची आहे. दोन्ही एकमेकांना चिकटवले तर उजेड फक्त कमी होतो, पसरत नाही.

तपासायला स्टीलच्या चमच्याची पाठ टिपा. चमच्यात मोठा, एकसारखा पांढरा पट्टा दिसला तर काम झालं. मध्यभागी प्रखर गोळा आणि कडा अंधाऱ्या असतील तर पहिल्या पडद्याच्या मध्यावर रुपयाच्या नाण्याएवढा ट्रेसिंग पेपरचा आणखी एक तुकडा लावा.

यानंतर लक्षात ठेवायचं ते अंतर. २० सेंटीमीटरचा पडदा कोळ्यापासून दहा सेंटीमीटरवर असेल तर त्याच्या दृष्टीने अख्खं आभाळ उजळतं. तोच पडदा अर्ध्या मीटरवर नेला की पुन्हा कडक दिवा. डिफ्युझर चांगला करूनही सावल्या कडक येत असतील तर तो मागे राहिलेला असतो. आणि पूर्ण शक्तीने भराभर फ्लॅश मारू नका, डोक्याजवळचा कागद करपतो.

मागची बाजू काळीकुट्ट येते. दिवसा काढलेला फोटो रात्रीचा वाटतो.

फ्लॅशचा उजेड फुलापर्यंत पोहोचतो, मागच्या झाडीपर्यंत नाही. एक उपाय म्हणजे फुलामागे दहा-पंधरा सेंटीमीटरवर दुसरं पान किंवा झेंडूचं फूल येईल असा कोन निवडणं. दुसरा, शटर १/६० ते १/१०० वर आणि आयएसओ ८०० पर्यंत नेऊन मागचा उजेड आत घेणं, फ्लॅशची शक्ती त्या प्रमाणात कमी करून. वारा असेल तर दुसऱ्या उपायात फुलाच्या कडेला भुतासारखी दुहेरी रेघ येते. कुणी रंगीत कार्ड मागे धरतात. चालतं, पण हिरवं कार्ड लगेच ओळखू येतं.

पांढऱ्या तगरीवर पांढरा कोळी. फोटोत नुसता पांढरा डाग दिसतो.

समोरून सपाट उजेड देऊ नका. डिफ्युझर एका बाजूला वळवा, म्हणजे पोटाच्या उंचवट्याची सावली पाकळीवर पडेल आणि आकार सुटा होईल. दोन फोटो नेहमीच्या उजेडात आणि दोन पाऊण स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) कमी ठेवून घ्या, रॉमध्येच, म्हणजे कॅमेऱ्याच्या मूळ कच्च्या फाइलमध्ये. पांढऱ्या पाकळीतला तपशील एकदा जळाला की परत येत नाही.

कॅमेरा ऑटोवर असेल तर दोन उलट चुका होतात. पांढरं फूल चौकटभर असलं तर कॅमेरा ते राखाडी करतो, तिथे एक्स्पोजर भरपाईत (उजेड कमी-जास्त करण्याच्या पट्टीवर) +०.७ ते +१ द्यावं लागतं. लहान पांढरं फूल आणि भोवती गडद हिरवं असेल तर फूल जळतं, तिथे उलट वजा करावं लागतं. पिवळ्या झेंडूत आणखी एक भानगड : एकूण हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) ठीक दिसतो, पण लाल रंगाचा आलेख उजव्या भिंतीला टेकलेला असतो आणि पाकळ्या सपाट पिवळ्या लगद्यासारख्या येतात. तिन्ही रंगांचे वेगवेगळे आलेख उघडून बघत चला.

जवळ गेलं की तो पाकळीच्या मागे जातो.

तुमची सावली त्याच्यावर पडली, किंवा दांडा हलला. सूर्य तुमच्या पाठीशी नको, बाजूला हवा. आधी एक मीटरवर बसा, कॅमेरा डोळ्याला लावा आणि मगच पुढे सरका. डोळ्याला लावण्यासाठी हात वर करणं हीच त्याला दिसणारी सर्वांत मोठी हालचाल असते. मागे गेला तर फूल फिरवू नका, तो पुन्हा तुमच्यापासून लांबच्या बाजूला जाईल. त्या बाजूला नुसतं मोकळं बोट धरा, पुष्कळदा तो बोटापासून दूर म्हणजे लेन्सच्या बाजूला येतो.

धाग्यावरून खाली सुटला तर झाड झटकू नका. पाच-दहा मिनिटं शांत बसा, तोच धागा धरून बरेचदा वर येतो. उड्या मारणारा कोळी याच्या उलट, तो तुमच्याकडे वळून बघतो. त्याच्यासाठी लेन्स स्थिर धरून तो वळण्याची वाट बघायची. लेन्सवर उडी मारली तर फुंकू नका, पान समोर धरा, तो उतरतो.

वाऱ्याचं काय करायचं?

बांबूची कामटी जमिनीत खोचा आणि फुलाच्या चार बोटं खाली दांडा कपड्याच्या चिमट्याने तिला धरवा. चिमट्याच्या तोंडाला कापूस किंवा कापड गुंडाळा, नाहीतर शेवंतीचा कोवळा दांडा चेचतो. कामटी लावण्याचं काम कोळी येण्याआधी, आदल्या संध्याकाळी केलं तर उत्तम.

कामटी नसेल तर डाव्या हाताच्या अंगठ्यात आणि तर्जनीत दांडा अलगद धरा आणि त्याच हातावर लेन्सचं तोंड टेकवा. आता फूल आणि कॅमेरा एकत्र हलतात, म्हणजे एकमेकांच्या दृष्टीने स्थिर. या एका सवयीने नासणारे फोटो निम्म्यावर येतात. ट्रायपॉड दांड्यावरच्या फुलासाठी आम्ही सुचवत नाही, तो मांडेपर्यंत सगळी झाडी हलते.

फोकस कुठे आणि कसा?

डोळ्यांवर. थॉमिससचे डोळे फार बारीक असतात, आठही दोन ओळींत, आणि कडेचे डोळे लहान उंचवट्यांवर बसवलेले. ऑटोफोकस पुढे आलेल्या पायावर जाऊन बसतो, म्हणून तो बंद करा. मोठेपणा आधी ठरवा, लेन्सचं कडं तिथेच सोडा आणि स्वतःचं अंग मिलिमीटरभर पुढे-मागे झुलवा. श्वास सोडल्यावर, पुढे झुकताना डोळे स्पष्ट झाले की बटण दाबा. तीन-चार एकदम घ्या.

पाठीकडून घेतलेला फोटो ओळखीसाठी उपयोगी, पण निर्जीव दिसतो. लेन्स त्याच्या चेहऱ्याच्या पातळीवर आणा. बाजूने घेताना सेन्सर त्याच्या अंगाला समांतर ठेवलात तर तीच अपुरी खोली डोक्यापासून पोटापर्यंत पुरते.

फोकस स्टॅकिंग जिवंत कोळ्यावर शक्य आहे का?

स्टॅकिंग म्हणजे फोकस थोडा-थोडा सरकवत घेतलेले फोटो जोडून एकच पूर्ण स्पष्ट फोटो करणं. खेकडा कोळ्यावर शक्य आहे, कारण तो तासन्‌तास तसाच बसतो. उड्या मारणाऱ्यावर नाद सोडा. १:१ ला ०.५ ते ०.६ मिलिमीटरची पावलं ठेवली तर लागून येणाऱ्या फोटोंत पुरेसा भाग सामाईक राहतो, आणि संपूर्ण कोळ्याला दहा-बारा फोटो लागतात. दुप्पट मोठेपणावर पाऊल ०.२ मिलिमीटर. फोटो हेलिकॉन फोकस किंवा झिरीन स्टॅकर या सॉफ्टवेअरमध्ये जोडा. पुढचे पाय आणि मागची पाकळी जिथे एकमेकांवर येतात तिथे धुरकट कड उरते, ती हाताने दुरुस्त करावी लागते. कामटी-चिमटा नसेल तर स्टॅकिंगला बसूच नका.

पिवळ्या फुलावर सोडला तर तो पिवळा होईल ना?

लगेच नाही. रंग बदलण्याची क्षमता काही जातींत खरोखर आहे. युरोप-अमेरिकेतल्या मिसुमेना व्हाशिया या जातीत पांढऱ्याचा पिवळा व्हायला साधारण १० ते २५ दिवस लागतात, पिवळ्याचा पांढरा त्यापेक्षा लवकर होतो. त्यामुळे पांढरा कोळी उचलून झेंडूवर ठेवून तासभर वाट बघण्यात अर्थ नाही. तो उघडा पडतो आणि पक्ष्याच्या तोंडी जातो.

शिवाय आपल्याला जे ‘बेमालूम’ वाटतं ते मधमाशीला तसं दिसेलच असं नाही. तिला अतिनील प्रकाश दिसतो. ऑस्ट्रेलियातल्या थॉमिससवरच्या, २००३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असं आढळलं की कोळी अतिनील प्रकाश परावर्तित करून फुलावर उठून दिसतो आणि मधमाश्या उलट त्याच फुलाकडे ओढल्या जातात.

चावतो का?

पकडून चिरडल्याशिवाय नाही, आणि या लहान कोळ्यांचं विष माणसाला धोकादायक नाही. बांधावर काळजी घ्यायची ती फुरसं, घोणस, गांधीलमाशी आणि खाजकुयलीची. गुडघा टेकण्याआधी जागा काठीने चाचपा. खानापूरच्या जंगलकडेला पूर्ण बाह्या घाला आणि परतल्यावर अंगावर गोचीड नाही ना बघा.

फूल तोडून घरी आणून निवांत फोटो काढले तर? थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवला तर?

नको. गारठलेला कोळी पाय आखडून घेतो, आणि जाणकाराला तो फोटो पाहताक्षणी कळतो. तोडलेलं फूल तासाभरात मान टाकतं. पाण्याचा फवारा मारायचाच तर फुलावर, हलका, कोळ्याच्या अंगावर नाही. त्याची श्वासाची छिद्रं पोटाखाली असतात. ग्लिसरीनचे थेंब तर अजिबात नको.

दुसऱ्याच्या मळ्यात जायचं असेल तर?

विचारून जा. आणि पहिला प्रश्न ‘फोटो काढू का’ हा नको, ‘औषध कधी मारलंय?’ हा हवा. नुकती फवारणी झालेल्या झेंडूत कोळी मिळणार नाही आणि ओलं औषध हाताला लागेल ते वेगळंच. कन्नड बोलणाऱ्या मळेवाल्याला ‘जेड’ (कन्नडमध्ये कोळी) बघायला आलोय म्हणून सांगितलं की तो हसतो, पण कुठल्या सरीत जास्त आहेत तेही दाखवतो. सरीतून चाला, वाफा तुडवू नका, आणि सणाच्या तोडणीच्या आठवड्यात जाऊच नका. भीमगड अभयारण्याच्या हद्दीत शिरायला वनखात्याची परवानगी लागते.

जात कशी ओळखायची?

फोटोवरून प्रजातीपर्यंत, म्हणजे थॉमिसस किंवा ऑक्सिटेट इथपर्यंत, बहुधा पोहोचता येतं. त्यापुढे नेमकी जात ठरवायला प्रौढ नर-मादीचे जननावयव सूक्ष्मदर्शकाखाली बघावे लागतात. म्हणून नाव छातीठोकपणे लिहू नका. प्रत्येक कोळ्याचे चार फोटो ठेवा : पाठ, चेहरा, बाजू, आणि जमलं तर पोटाची खालची बाजू. सोबत तारीख, गाव, फुलाचं नाव आणि अंदाजे लांबी. आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल या वेबसाइटवर चढवलात तर जाणकार सुधारणा सुचवतात. अंड्यांवर बसलेल्या मादीची अचूक जागा मात्र उघड करू नका.

पावसाळ्यात लेन्सला बुरशी येते. काय करावं?

कॅमेऱ्याची कापडी पिशवी हेच बुरशीचं घर. रबरी कड असलेला घट्ट झाकणाचा डबा घ्या, आत सिलिका जेल आणि एक लहान आर्द्रतामापक ठेवा. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान हवा. ६० च्या वर राहू लागला की जेल बदला किंवा तव्यावर मंद आचेवर वाळवा. ३० च्या खालीही जाऊ देऊ नका, रबर आणि वंगण सुकतात. बाहेरून आल्यावर भिजलेली लेन्स लगेच डब्यात कोंबू नका, पंख्याखाली तासभर राहू द्या. झेंडूचे परागकण काचेवर चिकटले असतील तर आधी रबरी फुगा दाबून उडवा आणि मगच कापड लावा. कण तसेच घासले तर काचेवर पिवळा तेलकट फराटा उठतो.